कोड दाखवायचा, पण घर उघडे टाकायचे नाही

समजा, एका सहकारी पतसंस्थेत मुदतठेवींवरील व्याजाची आकारणी करणारा प्रोग्राम गेली काही वर्षे वापरात आहे. तो गावातल्याच एका तरुणाने लिहिला आणि वेळोवेळी दुरुस्तही केला. एके दिवशी लेखापरीक्षक विचारतात, ‘व्याजाचे सूत्र केव्हा बदलले? कोणी बदलले? त्यापूर्वी ते काय होते?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही अस्तित्वात आहे. ते त्या प्रोग्रामच्या सोर्स कोडच्या इतिहासात, तारीखवार, ओळीओळीने नोंदलेले आहे. अडचण एवढीच, की हा इतिहास वाचण्याची विद्या त्या एका तरुणापाशी आहे आणि तो आता नोकरीसाठी परगावी गेला आहे.

यावरचा उपाय म्हणजे कोडचा इतिहास ब्राउझरमध्ये, साध्या वेबपानासारखा वाचता येईल अशी सोय करणे. असे दर्शक-प्रोग्राम मोफत मिळतात आणि त्यांची उभारणी एका दिवसाचे काम आहे. तथापि ज्या सर्व्हरवर ही सोय करायची, त्याच सर्व्हरवर संस्थेचे संकेतस्थळ असते, सभासदांनी भरलेले अर्ज असतात, कधी कधी इतरही बरेच काही असते. कोड दाखवण्यासाठी उघडलेल्या खिडकीतून कोणी घरात शिरला, तर लेखापरीक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर फारच महागात पडेल. म्हणून ही खिडकी बंदिस्त वातावरणात कशी बसवावी, हा आजच्या लेखाचा विषय आहे. जे महाविद्यालयात, लहान कार्यालयात किंवा स्वतःच्या व्यवसायात सर्व्हर सांभाळतात त्यांना यातील कृती उपयोगी पडेल. जे सांभाळत नाहीत, पण असे काम दुसऱ्याकडून करून घेतात, त्यांना कोणते प्रश्न विचारावेत हे कळेल.

भांडार म्हणजे काय, दर्शक म्हणजे काय

सोर्स कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे आज सर्वाधिक वापरातले साधन म्हणजे ‘गिट’. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ते लिहायला घेतले. लिनक्सचे विकासक तोवर ‘बिटकीपर’ नावाचे खासगी साधन विनामूल्य वापरत होते. ती सवलत बंद झाली आणि नव्या साधनाची निकड निर्माण झाली. गिटमध्ये प्रत्येक बदलाची स्वतंत्र नोंद होते. तिच्यावर करणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण लिहिलेले असते आणि प्रत्येक नोंदीला तिच्या आशयावरूनच काढलेली ४० अक्षरांची एक खूण मिळते. जुनी नोंद गुपचूप बदलली तर तिची खूण बदलते आणि तिच्यानंतरच्या सगळ्या नोंदींच्या खुणाही बदलतात. हिशेबाच्या वहीत मधले पान फाडून नवे चिकटवावे आणि पुढची सगळी पाने रंग बदलून चुगली करावीत, तसाच हा प्रकार. या नोंदींच्या संपूर्ण संग्रहाला आपण येथे ‘भांडार’ म्हणू.

हे भांडार ब्राउझरमध्ये दाखवणारे दोन प्रोग्राम जुने आणि विश्वासार्ह आहेत. पहिला ‘गिटवेब’. तो पर्ल भाषेत लिहिलेला असून के सीव्हर्स यांनी २००५ मध्येच त्याची सुरुवात केली. आता तो गिटबरोबरच मिळतो. दुसरा ‘सीगिट’, जो सी भाषेत लिहिलेला आहे. वायरगार्ड या प्रसिद्ध व्हीपीएन तंत्राचे कर्ते जेसन डोनेनफेल्ड त्याची देखभाल करतात आणि लिनक्स कर्नलचे अधिकृत भांडार जगाला सीगिटमधूनच दिसते. गिटलॅब किंवा गिटी यांसारख्या मोठ्या प्रणालीही आहेत. परंतु त्यांना डेटाबेस लागतो, सदस्यांची खाती लागतात आणि त्यांच्यातून भांडारात लिहिताही येते. आपल्याला लिहायचे नाही, फक्त वाचायला द्यायचे आहे. ज्याची गरज नाही ते बसवायचे नाही, हा सुरक्षिततेचा पहिला नियम येथेच लागू होतो.

धोका खरा आहे का?

‘फक्त वाचायचे तर आहे, त्यात काय धोका?’ असे कोणालाही वाटेल. पण दर्शक-प्रोग्राम हा जगातल्या कोणाही अनोळखी व्यक्तीची मागणी ऐकतो आणि त्या मागणीनुसार सर्व्हरवरच्या फाइली उघडतो. मागणी कपटाने रचलेली असेल आणि प्रोग्रामने ती नीट तपासली नाही, तर नको ती फाइल उघडली जाते.

ही केवळ शंका नव्हे. २००८ मध्ये गिटवेबच्या जुन्या आवृत्त्यांत असा दोष उघड झाला, की शोधाच्या चौकटीत विशिष्ट चिन्हे घातली असता सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता येत. २०१८ मध्ये गुगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या गटातील यान हॉर्न यांनी सीगिटमधील दोष दाखवून दिला. भांडाराची प्रत वेबवरून उतरवून घेण्याची सोय त्यात मुळातच चालू असते. त्या सोयीला पत्ता देताना ‘एक पायरी वर जा’ अशा अर्थाची दोन टिंबे पुन्हा पुन्हा लिहिली, की प्रोग्राम भांडाराबाहेर पडून सर्व्हरवरील इतर फाइलीही वाचून दाखवत असे. १.२.१ या आवृत्तीत तो दोष दूर झाला.

दोन्ही प्रोग्राम जाणकारांनी लिहिलेले, जगभर वापरलेले, सर्वांच्या नजरेखालचे. तरीही चूक राहिलीच. म्हणून ‘प्रोग्राममध्ये दोष नसेल’ या भरवशावर उभारणी करायची नसते. ‘दोष असलाच तर हानी कुठवर पोहोचेल?’ हा प्रश्न आधी सोडवायचा असतो.

ओसरीपुरता प्रवेश

या प्रश्नाचे युनिक्स जगातले जुने उत्तर म्हणजे ‘चेंज रूट’, तंत्रज्ञांच्या बोलीत ‘सीएच-रूट’. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ते प्रथम आले. संगणकावरील सगळी फोल्डरे एका मुळापासून फुटतात. सीएच-रूट केलेल्या प्रोग्रामला ते मूळच बदलून दिले जाते. एखादे आतले फोल्डर हेच त्याचे संपूर्ण जग ठरते. त्याच्या वरती काही आहे, हे त्याला दिसतही नाही आणि तेथे जाण्यासाठी पत्ताही उरत नाही. पाहुण्याला ओसरीवर बसवावे, पाणी द्यावे, बोलावे, पण ओसरीवरून माजघरात जायला दारच नसावे, तशी ही रचना आहे.

कॅनडातून चालणाऱ्या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने २००२ मध्ये आपला वेब सर्व्हर मुळातच अशा बंदिस्त जागेत चालवायला सुरुवात केली. आजही तिचा वेब सर्व्हर ‘व्हार’ फोल्डरातील ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ या उपफोल्डरापलीकडे पाहू शकत नाही. पुढील वर्णन याच प्रणालीवर सीगिट बसवण्याचे आहे, कारण येथे बंदिस्तपणा हा नंतर जोडलेला भाग नसून मूळचाच आहे. लिनक्सवर हेच काम करायचे झाल्यास साधने वेगळी लागतात, विचार तोच राहतो.

एक इशारा मात्र आधीच द्यायला हवा. सीएच-रूट ही केवळ फाइलींपुरती भिंत आहे. आत शिरलेल्याला सर्वाधिकारी, म्हणजे ‘रूट’ खात्याचे अधिकार मिळाले, तर ती भिंत ओलांडता येते. म्हणून आतला प्रोग्राम नेहमी अत्यंत मर्यादित अधिकारांच्या खात्याखालीच चालला पाहिजे. शिवाय ओसरीवर मौल्यवान वस्तू ठेवल्या, तर माजघर बंद असून उपयोग नाही. वेब सर्व्हरच्या बंदिस्त फोल्डरातच सभासदांचे अर्ज किंवा डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल असेल, तर २०१८ सारखा दोष त्या फाइलीही दाखवील. त्यामुळे उत्तम मार्ग म्हणजे दर्शकासाठी वेगळे यंत्र, निदान वेगळे आभासी यंत्र. ते शक्य नसेल, तर त्या फोल्डरात काय काय आहे याची यादी करणे हे पहिले काम. सभासदांच्या खात्यांचा डेटा तर अशा यंत्रावर असूच नये.

उभारणी : पायरी पहिली, भांडाराची प्रत

मूळ भांडार जेथे आहे तेथेच राहू द्यावे. वेब सर्व्हरच्या बंदिस्त फोल्डरात ‘गिट’ नावाचे एक उपफोल्डर करून तेथे केवळ प्रत ठेवावी. ही प्रत ‘बेअर’ प्रकारची, म्हणजे कामाच्या फाइली न पसरलेली, फक्त इतिहास साठवणारी असावी. मूळ भांडार बाहेर ठेवून आत त्याची सांकेतिक वाट, म्हणजे सिमलिंक, करण्याचा मोह अनेकांना होतो. ती वाट चालत नाही, कारण बंदिस्त प्रोग्रामच्या जगात ते बाहेरचे ठिकाण अस्तित्वातच नसते.

प्रत ताजी कशी ठेवायची? येथे दिशा महत्त्वाची आहे. आतल्या यंत्राने बाहेरच्या वेब सर्व्हरकडे बदल पाठवावेत. वेब सर्व्हरने आतल्या यंत्रात शिरून ते आणू नयेत. पाठवण्याची किल्ली आतल्या यंत्रावर राहते, त्यामुळे वेब सर्व्हर कोणी ताब्यात घेतला तरी त्याच्या हाती आत येण्याची किल्ली लागत नाही. आपल्याकडच्या खाजन शेतीच्या बांधातील मानशीचे दार जसे ओहोटीला पाणी बाहेर जाऊ देते आणि भरतीला आपोआप मिटते, तसाच हा एकेरी प्रवाह हवा. मूळ भांडारात नवी नोंद आल्याबरोबर आपोआप चालणारी छोटी आज्ञा, म्हणजे ‘हुक’, लिहून ठेवली की हे काम माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. मात्र गिटची ‘मिरर’ पद्धत सरसकट सगळ्या शाखा पाठवते. अपुऱ्या किंवा खासगी शाखा असतील, तर पाठवायच्या शाखांची नावे स्पष्ट लिहावीत.

मालकीची व्यवस्थाही काटेकोर हवी. प्रतीचा मालक एक वेगळे खाते असावे. वेब सर्व्हरच्या खात्याला वाचण्याची परवानगी असावी, लिहिण्याची कदापि नसावी. गिटमध्ये ‘शेअर्ड रिपॉझिटरी’ नावाची एक मांडणी आहे. तिला ०६४० हे मूल्य दिले, की नव्या फाइली गटातील खात्याला फक्त वाचता येतात. हे न केल्यास एक चमत्कारिक अनुभव येतो : पहिल्या दिवशी सगळे दिसते, आठवड्याने आलेल्या नव्या नोंदी मात्र दिसत नाहीत. कारण नव्या फाइली मालकाखेरीज कोणालाच वाचता येत नसतात.

पायरी दुसरी, प्रोग्राम आत नेणे

बंदिस्त जागेतली खरी मेख येथे आहे. बहुतेक प्रोग्राम एकटे नसतात. चालण्यासाठी त्यांना प्रणालीतील सामाईक लायब्ररी लागतात आणि त्या तर भिंतीबाहेर असतात. गिटवेबला स्वतः पर्ल, पर्लची अनेक मोड्यूल्स आणि गिटचा प्रोग्राम, हे सगळे आत हवे. तेवढे सामान आत नेता येते. परंतु आत नेलेले प्रत्येक साधन हे चोराच्याही हाती पडू शकणारे साधन असते. शिवाय हाताने केलेल्या या प्रती प्रणालीच्या अद्ययावतीकरणात बदलत नाहीत. बाहेरच्या लायब्ररीतील दोष दुरुस्त होतो, आतली प्रत जुन्या दोषासह तशीच राहते.

सीगिटचे येथे मोठे सोयीचे आहे. गिटचा आवश्यक कोड त्याच्या पोटातच असतो. ओपनबीएसडीच्या पॅकेजमधून मिळणारा सीगिट लायब्ररींसह एकजीव केलेला, म्हणजे ‘स्टॅटिक’, असतो. पॅकेज बसवताच तो वेब सर्व्हरच्या बंदिस्त फोल्डरातच जाऊन बसतो आणि पॅकेज अद्ययावत केले की तोही बदलतो. आत शेल नाही, पर्ल नाही, इतर कोणतीही आज्ञा नाही. २००८ च्या गिटवेबमधील दोषासारखा प्रसंग आला, तर आज्ञा चालवायला आत काहीच सापडत नाही.

गिटवेबच निवडायचे असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एप्रिल २०२२ पासून गिट दुसऱ्या खात्याच्या मालकीचे भांडार उघडण्यास मुळातच नकार देते. हा सुरक्षिततेसाठी केलेला बदल आहे. आपल्या रचनेत मालक मुद्दाम वेगळा ठेवलेला असल्याने, कोणती भांडारे विश्वासाची आहेत हे मांडणीत नावानिशी नोंदवावे लागते.

पायरी तिसरी, मांडणी

सीगिटच्या मांडणीची फाइल बंदिस्त फोल्डराच्या ‘कॉन्फ’ या उपफोल्डरात असते. तिच्यात भांडारे कोठे शोधायची तो पत्ता लिहायचा असतो आणि नवख्यांची बहुतेक चूक येथेच होते. आपण बाहेरून पाहतो तेव्हा पत्ता ‘व्हार, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, गिट’ असा लांब दिसतो. आतल्या प्रोग्रामला मात्र पहिले दोन टप्पे ठाऊकच नाहीत. त्याच्या दृष्टीने पत्ता केवळ ‘गिट’ एवढाच आहे. लांब पत्ता लिहिला की पडद्यावर ‘एकही भांडार सापडले नाही’ असे उत्तर येते आणि माणूस तासन्‌तास परवानग्या तपासत बसतो. भांडारे शोधण्याची ओळ फाइलीच्या अगदी शेवटी असावी, कारण तिच्या नंतर लिहिलेल्या मांडण्या तिने शोधलेल्या भांडारांना लागू होत नाहीत.

वेबवरून प्रत उतरवून घेण्याची सोय, जिच्यात २०१८ चा दोष होता, ती मुळात चालू असते. केवळ वाचायला द्यायचे असेल तर ती बंद करावी. कोड रंगीत दाखवणारी सोय बाहेरच्या प्रोग्रामवर अवलंबून असते. बंदिस्त जागेत ती सोडून द्यावी, काळ्या अक्षरांतला कोडही वाचता येतो. एखाद्या आवृत्तीची गठडी उतरवून देताना सीगिट ‘जीझिप’ हा वेगळा प्रोग्राम बोलावतो. तो आत नसल्याने त्या प्रकारची गठडी मिळत नाही. ‘झिप’ प्रकार मात्र पोटातल्या कोडवरच चालतो, तेव्हा तोच ठेवावा. नोंदींच्या वेळा सर्व्हरच्या वेळेनुसार दाखवायची मांडणी केली, तर वेळक्षेत्राची फाइल आत नसल्याने जागतिक प्रमाणवेळ दिसते आणि प्रत्येक नोंद साडेपाच तास मागे पडते. ही मांडणी न केल्यास नोंद करणाऱ्याच्याच घड्याळातली वेळ दिसते. लेखापरीक्षणासाठी तीच योग्य.

राहिला वेब सर्व्हर. ओपनबीएसडीचा वेब सर्व्हर असे प्रोग्राम स्वतः चालवत नाही. तो मागणी ‘स्लोसीजीआय’ नावाच्या मध्यस्थाकडे देतो. हा मध्यस्थही त्याच बंदिस्त फोल्डरात, त्याच मर्यादित खात्याखाली सीगिट चालवतो. दोघांमधील सॉकेटचा पत्तासुद्धा आतल्या दृष्टीनेच लिहायचा. मांडणीत दोन नियम पुरतात : पानाची सजावट आणि बोधचिन्ह या फाइली थेट द्याव्यात, बाकीची प्रत्येक मागणी सीगिटकडे पाठवावी.

पायरी चौथी, परीक्षा

पान दिसले म्हणजे काम झाले, असे मानू नये. जे दिसू नये ते खरोखर दिसत नाही, हे तपासणे हा कामाचा दुसरा अर्धा भाग आहे.

प्रथम सीगिट हाताने चालवून पाहावा. सीएच-रूटची आज्ञा देऊन, वेब सर्व्हरच्याच खात्याखाली तो सुरू केला, की पानाचा मजकूर किंवा चुकीचा संदेश थेट पडद्यावर येतो. लायब्ररी सापडत नसेल, मांडणीची फाइल वाचता येत नसेल, तर ब्राउझरमधल्या कोऱ्या पानापेक्षा येथे ते लगेच कळते. भांडारे दिसत नसतील तर पत्ता आणि परवानगी यांचा संशय घ्यावा. पान विनासजावट दिसले तर पहिल्या नियमाचा. गठडी रिकामी आली तर जीझिपचा.

त्यानंतर उलट बाजूने पाहावे. त्याच खात्याखाली भांडारात एक फाइल लिहिण्याचा प्रयत्न करावा. तो फसलाच पाहिजे. ब्राउझरच्या पत्त्यात ‘वर जा’ची टिंबे घालून बाहेरची फाइल मागावी. ती मिळता कामा नये. आणि हे सगळे सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, उमटले की नाही ते पाहावे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, त्यांच्या कक्षेत येणाऱ्या संस्थांनी असे लॉग १८० दिवस जपणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे अपेक्षित आहे. लॉगच ठेवले नाहीत, तर घटना घडल्याचे कळणार तरी कसे?

इतिहास विसरत नाही

आता सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट. दर्शक केवळ आजचा कोड दाखवत नाही, संपूर्ण इतिहास दाखवतो. तीन वर्षांपूर्वी घाईघाईत कोणी डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहिला, दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर तो खोडला आणि सगळे विसरून गेले. खोडलेला पासवर्ड आजच्या कोडमध्ये नसतो. इतिहासात मात्र तो असतो. इतकेच नव्हे, तर दर्शक तो ‘काढून टाकलेली ओळ’ म्हणून ठळकपणे लाल रंगात दाखवतो.

म्हणून भांडार खुले करण्यापूर्वी त्याचा पूर्ण इतिहास पासवर्ड, किल्ल्या, सभासदांची नमुन्यादाखल टाकलेली खरी माहिती यांसाठी चाळला पाहिजे. काही सापडले, तर तो पासवर्ड तत्काळ बदलणे हाच खरा उपाय. इतिहासातून ओळ पुसण्याची साधने आहेत, पण पुसल्यावर पुढच्या सर्व नोंदींच्या खुणा बदलतात आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांच्याकडे ती ओळ राहतेच. पुसायचे असेल तर पुसावे, बदलणे मात्र टाळू नये.

याच प्रकारातली आणखी एक चूक अनेक संकेतस्थळांवर आढळते. संकेतस्थळाच्या फाइली गिटने सर्व्हरवर आणल्या जातात आणि त्याबरोबर ‘गिट’चे लपलेले फोल्डरही सार्वजनिक जागेत राहते. मग कोणताही दर्शक न बसवताच सगळा इतिहास जगाला उपलब्ध होतो. आपल्या संस्थेच्या संकेतस्थळाबाबत ही एक तपासणी आजच करून घ्यावी, ती पाच मिनिटांची आहे.

सगळ्यांना दाखवायलाच हवे का?

लेखापरीक्षक आणि संचालक मंडळ यांच्यासाठी केलेली सोय जगाला खुली असण्याचे कारण नाही. वेब सर्व्हरवर वापरकर्तानाव व पासवर्ड मागता येतो, आणि तो एन्क्रिप्टेड जोडणीवरच मागावा. त्याहून उत्तम म्हणजे दर्शक केवळ कार्यालयाच्या नेटवर्कवरून किंवा व्हीपीएनमधूनच दिसावा.

खुला ठेवायचाच असेल, तर अलीकडे एक नवी पीडा उभी राहिली आहे. दर्शकात प्रत्येक नोंद, प्रत्येक फाइल आणि प्रत्येक दोन नोंदींमधील फरक यांचे स्वतंत्र पान असते. लहानशा भांडाराचीही अशी हजारो पाने होतात आणि प्रत्येक पान सर्व्हरला नव्याने घडवावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारे स्वयंचलित प्रोग्राम ही सगळी पाने अहोरात्र मागत राहतात. २०२५ च्या सुरुवातीला झी यासो या विकासकाचा स्वतःचा गिट सर्व्हर अशाच माऱ्याने कोलमडू लागला, तेव्हा त्यांनी अशा प्रोग्रामांना दारातच अडवणारे ‘अनुबिस’ नावाचे मुक्त साधन लिहिले. पुढे अनेक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांनी ते स्वीकारले. सीगिटमध्ये घडवलेली पाने काही काळ साठवून ठेवण्याची सोय आहे, परंतु ती मुळात बंद असते. ती चालू करायची तर त्या एकाच फोल्डरापुरती लिहिण्याची परवानगी द्यावी, भांडाराला नव्हे.

सर्व्हरवर अधिकारच नसतील तर?

अनेक लहान संस्थांचे संकेतस्थळ भाड्याच्या सामाईक होस्टिंगवर असते. तेथे सीएच-रूट करता येत नाही, मध्यस्थ बसवता येत नाही, फक्त फाइली चढवता येतात. ही सर्वांत बंदिस्त जागा. आणि गंमत अशी, की येथे सर्वांत सुरक्षित उपाय लागू पडतो.

‘स्टॅगिट’ नावाचा एक छोटा प्रोग्राम भांडार वाचून त्याची तयार, स्थिर एचटीएमएल पाने बनवतो. तो आपल्या आतल्या यंत्रावर चालवायचा आणि तयार पाने होस्टिंगवर चढवायची. तेथे मग कोणताही प्रोग्राम चालत नाही, कोणाची मागणी समजून घेतली जात नाही, भांडारही तेथे नसते. कपटाने रचलेल्या मागणीला उत्तर द्यायला तेथे प्रोग्रामच नाही. मर्यादा अशी, की शोधाची सोय मिळत नाही आणि दोन हजारांहून अधिक नोंदी असलेल्या भांडारांसाठी तो योग्य नाही, असे त्याचे कर्तेच सांगतात. एखाद्या पतसंस्थेच्या, ग्रंथालयाच्या किंवा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाच्या भांडारात सहसा इतक्या नोंदी नसतात. त्यामुळे लहान संस्थेने सीगिटचा विचार करण्यापूर्वी हा पर्याय जरूर पाहावा.

काम देणाऱ्याने काय विचारावे

तांत्रिक तपशील बाजूला ठेवले, तरी संचालक मंडळाने, प्राचार्यांनी किंवा व्यवसायाच्या मालकाने काम सोपवताना काही प्रश्न विचारायलाच हवेत. मूळ भांडार कोठे आहे आणि दर्शकाला दिलेली केवळ प्रत आहे ना? दर्शकाच्या प्रोग्रामला कोणकोणत्या फाइली वाचता येतात आणि कोठे लिहिता येते? जुन्या इतिहासात पासवर्ड नाहीत हे कोणी, केव्हा तपासले? दर्शकाच्या नव्या आवृत्त्या बसवण्याची जबाबदारी कोणाची? आणि ज्याने हे सगळे उभारले तो उद्या गावात नसेल, तर ही माहिती कोणत्या कागदावर लिहिलेली आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाणारा आहे. आरंभी पाहिलेल्या पतसंस्थेची अडचण तरी कोठून निर्माण झाली? कोडचा इतिहास शाबूत होता, तो वाचणारा एकच होता. दर्शक बसवून वाचणारे वाढतील, पण दर्शक कसा बसवला हे पुन्हा एकालाच ठाऊक राहिले, तर अडचण फक्त एक पायरी पुढे सरकली एवढेच होईल. म्हणून उभारणीची प्रत्येक पायरी साध्या मराठीत लिहून ती फाइलही त्याच भांडारात ठेवावी. पुढच्या वेळी लेखापरीक्षक प्रश्न विचारतील तेव्हा परगावी फोन लावावा लागणार नाही. कार्यालयातले कोणीही ब्राउझर उघडून व्याजाचे सूत्र बदलल्याची तारीख दाखवू शकेल.